जुन्या टीव्ही गेमची बंदूक, जी. आय. जोची रायफल, अ‍ॅडाप्टर आणि बाकी सुटे भाग (गोव्यातल्या मंडळींनी यावं)

मांडवीपलीकडे

मंडळी, जुन्या खेळण्यांच्या गप्पा निघाल्या की सगळे खेळण्यांची नावं सांगतात, मारिओ, कॉन्ट्रा, जी. आय. जो, पाण्यातली रिंगवाली गेम. मला त्यांच्याबरोबर खोक्यात आलेल्या बारक्या गोष्टींवर बोलायचंय. टीव्ही गेमची बंदूक, अ‍ॅडाप्टर, अँटेनाच्या सॉकेटात घालायची वायर, जी. आय. जो ह्या खेळण्यातल्या शिपायाच्या हातातली एवढुशी रायफल, व्ह्यूमास्टरच्या चकत्या. माझं म्हणणं असं की खेळ खरा ह्याच गोष्टींवर चालायचा आणि जपायची वेळ आली तेव्हा नेमक्या ह्याच आपण घालवल्या. मशीन माळ्यावर पडून राहतं, अ‍ॅडाप्टर कुणीतरी रेडिओला लावतं, बंदूक शेजारची पोरं घेऊन जातात आणि मग मशीन असून नसल्यासारखं.

आमच्या डिचोलीच्या घराची कौलं उतरवायची होती म्हणून माळा रिकामा केला तर आमची टीव्ही गेम मिळाली, बंदुकीसकट! मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही. नव्या एलईडी टीव्हीला पिवळी आणि पांढरी पिन लावली, चित्र आलं, आवाज आला, कॉन्ट्रा चालली. पण बदकं मारायच्या गेममध्ये बंदुकीचा नेम लागतच नाही. ट्रिगर दाबला की पडदा चमकतो म्हंजे ट्रिगर चालतोय पण बदक काही पडत नाही, भाचा विचारतोय मामा ही मोडली काय. कुणाला माहिती असेल तर सांगा, आणि तुमच्याकडं काय काय सुटे भाग राहिलेत तेही लिहा.

जुवारी_काठ

बंदूक मोडलेली नसणार रे, टीव्ही बदललाय म्हणून होतंय ते. मी टीव्ही दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच जणांना अजून वाटतं की ही बंदूक टीव्हीवर कसले तरी किरण सोडते. तिच्यातून काहीच बाहेर जात नाही. नळीत एक भिंग असतं आणि त्याच्यामागं उजेड ओळखणारा फोटोडायोड, ती फक्त बघते. ट्रिगर दाबला की गेम अख्खा पडदा एका फ्रेमपुरता काळा करते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते, दोन बदकं असली तर पहिल्याचा चौकोन एका फ्रेमला आणि दुसऱ्याचा पुढच्या फ्रेमला. काळ्या फ्रेमला अंधार दिसला आणि चौकोनाच्या फ्रेमला उजेड दिसला की बदक पडलं, आणि कुठल्या फ्रेमला दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळलं. आधी काळं कशाला, तर कुणी बंदूक बल्बकडं रोखून फुकटचे पॉइंट मिळवू नयेत म्हणून. आपल्याला हे सगळं मिळून एक चमकारा दिसतो.

आता पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी ती ओळ उजळते. आपल्याकडची पद्धत पाल, 625 ओळींचं चित्र, सेकंदाला 25 चित्रं, म्हंजे सेकंदाला 15,625 ओळी. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या मूळ बंदुकीतलं सर्किट साधारण ह्याच वेगानं लुकलुकणारा उजेड ओळखायला जुळवलेलं होतं, बाकी उजेड ते सोडून देतं. एलईडी टीव्हीचा उजेड असा ओळीओळीनं येत नाही, आणि वर तो टीव्ही चित्र आधी स्वतःकडं घेतो, ताणतो, साफ करतो आणि मग दाखवतो, तोवर गेमनं उजेड तपासून झालेला असतो. म्हणून दुसरी बंदूक आणलीस तरी तेच होणार. ट्यूबवाला टीव्ही शोध, 14 इंची पोर्टेबल चालेल, ब्लॅक अँड व्हाइट असला तरी चालेल, बंदुकीला रंगाशी देणंघेणं नाही.

एकच विनंती. ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर मागचं झाकण स्वतः उघडू नकोस. प्लग काढून ठेवला तरी ट्यूबमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पाटो_स्टँड

वा, काय धागा काढलास. मशीनवर नाव काय आहे ते बघून सांग. आमच्याकडं समुराई होती, मामेभावाकडं मीडिया, वाड्यावर एकाकडं लिटल मास्टर आणि कॅसेट एकमेकांच्या चालायच्या कारण आत रचना सगळ्यांची निन्टेन्डोच्या जपानमधल्या फॅमिकॉम मशीनची. फॅमिकॉम तिकडं 15 जुलै 1983 ला आली आणि आपल्याकडं ह्या असल्या नावांनी नव्वदीत घरोघर पोचली. खरी कंपनीची मशीनं तेव्हा परवडण्यातली नव्हतीच, आयात शुल्क एवढं जबर होतं की विचारू नका, सेगाची मेगा ड्राइव्ह 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीनं आणली तेव्हा किंमत होती 18,000 रुपये! आमच्या घरात तेव्हा तेवढ्यात वर्षाचं बरंच काही निघायचं. त्यामुळं कुणी नकली नकली म्हटलं की मला राग येतो, त्या नकलेमुळं पणजी म्हापशापासून काणकोणपर्यंत आमच्यासारख्यांना हे खेळायला मिळालं.

सुट्या भागांत माझ्याकडं काय राहिलं असेल तर तो छोटा स्विचचा डबा. आठवतोय का कुणाला, एका बाजूला अँटेनाची वायर, दुसऱ्या बाजूला गेमची, वर सरकवायचं बटण, टीव्ही की गेम. आमचा अँटेना माडाला बांधलेला आणि पावसात माड हलला की दूरदर्शनवर मुंग्या, तेव्हा आजोबा स्वतःच म्हणायचे बातम्या दिसत नाहीत तर लावा तुमचं ते. मग टीव्हीचा तो बारका गोल नॉब फिरवत चॅनल जुळवायचा, आधी आवाज मिळायचा चित्र नाही, मग चित्र काळंपांढरं, मग हळूहळू रंग.

आणि कॉन्ट्रा! वर वर खाली खाली डावीकडं उजवीकडं डावीकडं उजवीकडं बी ए. तीनच्या जागी तीस जीव. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो ह्या कोनामी गेम कंपनीच्या माणसानं ग्रेडियस गेमसाठी केला, 1986 ची गोष्ट, ती गेम तपासताना त्यांना स्वतःलाच इतकी अवघड जायची म्हणून. 2020 मध्ये ते वारले तेव्हा मी बातमी भावाला पाठवली, तो आता कतारला असतो, त्यानं उत्तरात नुसता कोड टाइप करून पाठवला.

नवा_वाडा

चांगल्या आठवणी आहेत सगळ्या पण मला प्रामाणिकपणे विचारायचंय, ह्या सगळ्या गेम आज फोनवर मिळतात, चित्र जास्त स्वच्छ दिसतं, गेम अर्ध्यावर सेव्ह पण करता येते. मग जुना टीव्ही शोधा, वायर शोधा, हा खटाटोप कशाला? घरात जागा कुणाकडं आहे आता.

मांडवीपलीकडे

@जुवारी_काठ, तुमचे आभार किती मानू. भाच्याला वाचून दाखवलं, आता तो बंदुकीच्या नळीत डोळा लावून भिंग बघतोय.

@नवा_वाडा, प्रश्न बरोबर आहे आणि जागेचं तर खरंच आहे. पण फोनवर मिळते ती गेम, खेळ नाही मिळत. एकच उदाहरण देतो. बदकांच्या गेममध्ये एक बदक असतं तेव्हा दुसरा माणूस कंट्रोलर हातात घेऊन ते बदक पळवू शकतो, हे पुष्कळांना माहितीच नाही. आमच्या घरी बहीण बदक पळवायची. ती असं काही वळवायची की नेम लागेना, आणि मी जवळ जाऊन काचेला नळी टेकवली की मागून आई ओरडायची डोळे जातील म्हणून. त्यात बंदूक पाहिजे, कंट्रोलर पाहिजे, दोन माणसं एका खोलीत पाहिजेत. फोनच्या काचेवर बोट टेकवून बदक मारता येतं पण बहिणीशी भांडता येत नाही.

सेव्हचं म्हणशील तर आमच्या कॅसेटींत सेव्ह नव्हतंच. जून-जुलैत वीज कधी जाईल नेम नाही, शेवटच्या बॉसपर्यंत पोचलेलो आणि फट्ट, सगळा वाडा काळोखात. परत पहिल्यापासून. पण त्यामुळंच ती गेम आम्हाला आजही पाठ आहे, कुठल्या पायरीवर कोण येणार ते हाताला ठाऊक आहे.

तारवट्याची_लेक

मी वास्कोची. आमचे पप्पा तारवटी, म्हंजे बोटीवर नोकरीला, काँट्रॅक्ट संपवून दाबोळी विमानतळावर उतरले की आम्ही बॅगेकडंच बघायचो. त्यांनी एकदा आणली ती गेम अँड वॉच, हातात धरून खेळायची, एकाच खेळाची, वर घड्याळ, बटणासारखे बारके सेल. निन्टेन्डोनं ती 1980 ला काढली, गुनपेई योकोई नावाच्या इंजिनिअरची कल्पना, आणि आज प्रत्येक कंट्रोलरवर डावीकडं जे अधिकच्या चिन्हाचं बटण असतं ते त्यांनीच 1982 ला डाँकी काँगच्या गेम अँड वॉचवर आणलं. ते बटण मी अजून अंगठ्याखाली ओळखते.

पण सुट्या भागांचा विषय आहे म्हणून मला गेम बॉयची, म्हंजे निन्टेन्डोच्या हातातल्या गेमची, लिंक केबल सांगायचीय. गेम बॉय 1989 ची, ती आमच्याकडं पुष्कळ उशिरा आली, आणि आमच्या खालच्या गल्लीत अजून एकाकडं होती कारण त्याचे वडीलही बोटीवर. दोन गेम बॉय, दोघांकडं टेट्रिस आणि मधे ही केबल. एकानं ओळी फोडल्या की दुसऱ्याच्या खालून ओळी वर चढायच्या. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता म्हणून संध्याकाळी आम्ही बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बल्बखाली बसायचो, केबल आखूड म्हणून गुडघ्याला गुडघा लावून. पप्पा वर्षातले कितीतरी महिने घरी नसायचे, त्याचेही नसायचे, आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही पण ती केबल लावून रोज बसायचो. गेम बॉय नंतर कुणाला तरी दिली. केबल माझ्याकडं आहे, ती मी देणार नाही.

भोवरो

जी. आय. जो म्हटलंत आणि मला लिहावंच लागलं. तुमच्यातल्या किती जणांना माहितीय की आपल्या लहानपणीचे जो गोव्यात बनायचे? फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी 1987 ला सुरू झाली, एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो अशी भागीदारी होती, आणि कारखाना आपल्या खोर्लीला, जुन्या गोव्याच्या पुढं. साचे हॅस्ब्रोचे, प्लास्टिक आणि रंगकाम इथलं. अमेरिकेत हिरवा असलेला शिपाई इथं भलत्याच रंगात यायचा आणि आज तिकडचे संग्राहक नेमके तेच रंग शोधत असतात. सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला 3 डिसेंबरला जाताना आम्ही त्या बाजूनं जायचो तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की तुझा जो इथंच जन्मला तर मी बसमधून उतरलोच नसतो. गोव्यानं खाण आणि काजू जसे अभिमानानं सांगावेत तसंच हेही सांगावं असं मला मनापासून वाटतं, इथल्या हातांनी रंगवलेले शिपाई आज जगभरच्या कपाटांत उभे आहेत.

आता सुटे भाग. जो पावणेचार इंचांचा, त्याच्या छातीत आणि कमरेत एक काळं रबराचं रिंग असतं, त्याच्या ताणावर पाय आणि धड एकत्र राहतं. आपल्या हवेत ते रबर दहावीस वर्षांत एकतर वितळतं नाहीतर तडकतं आणि जोचे पाय वेगळे होतात. पुष्कळांनी असे जो मोडले म्हणून टाकले, ते मोडलेले नव्हतेच! पाठीवर एक स्क्रू असतो, तो काढायचा, दोन अर्ध्या बाजू उघडतात, जुनं रिंग काढून त्याच मापाचं नवं ओ-रिंग घालायचं. हार्डवेअरच्या दुकानात जुना तुकडा दाखवून माप काढून घ्या, अगदी थोड्या पैशांत शिपाई परत उभा.

अंगठ्यांना मात्र जपा. रायफल थंड हातात जबरदस्तीनं कोंबली की अंगठा तुटतो आणि तो परत लागत नाही. हात कोमट पाण्यात थोडा वेळ धरायचा, प्लास्टिक मऊ पडतं, मग रायफल बसवायची. रायफली माझ्याकडं काड्यापेटीत आहेत, कुणाची कुठली ते मला सगळं पाठ आहे.

सातेरी_समोर

मी फोंड्याजवळची, आमच्याकडं ना टीव्ही गेम ना जो. आमची खेळणी जत्रेतली. पेरूच्या फोडी, खाजें आणि एक पत्र्याची बोट, जी आम्ही पुकपुक बोट म्हणायचो. तिचा सुटा भाग म्हंजे ती वातीची चिमुकली पत्र्याची पळी, ती हरवली की बोट संपली. आईच्या समईतलं तेल, कापसाची वात, मागच्या दोन नळ्यांतून पाणी भरायचं आणि हौदात सोडायची. आत पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागं ढकलते, वाफ निवली की पाणी परत आत येतं, परत वाफ. मला लहानपणापासून वाटायचं पाणी आत येताना बोट मागं का जात नाही, ते पुढं फिजिक्स शिकवताना समजलं. बाहेर जाताना पाणी एका सरळ धारेत जातं, आत येताना नळीच्या तोंडाशी सगळ्या बाजूंनी गोळा होऊन येतं, त्यामुळं पुढचा धक्का जिंकतो. मी आजही नववीच्या वर्गात ही बोट घेऊन जाते, म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत एकदा तशी मिळाली होती. मुलं बाकावरून उठून येतात.

पाण्यातल्या रिंगच्या गेमबद्दल एक सांगते कारण ती माझ्या भाचीकडं आहे. जपानच्या टोमी कंपनीनं ती 1976 ला काढली, आपल्याकडं तिच्यासारख्या कितीतरी आल्या. विहिरीचं पाणी भरू नका, शेवाळ धरतं आणि लोखंड असेल तर तांबूस होतं. बॅटरीवाल्याकडं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते भरा. आणि मागचं रबराचं बूच सांभाळा, ते गेलं की तिला काही अर्थ नाही.

नवा_वाडा

लिंक केबलचं वाचून गप्प झालो. माझा प्रश्न मी मागं घेत नाही, जागेचं अडतंच, पण आता कळलं तुम्ही नेमकं काय जपताय. आमच्या मडगावच्या जुन्या घरी 14 इंची कलर टीव्ही आहे, आईनं त्याच्यावर फुलदाणी ठेवलीय. बहुतेक चालतो. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

मांडवीपलीकडे

देऊ नकोस!! मी येतो घ्यायला. किंमत सांग.

जुवारी_काठ

आणताना दोघं जण जा आणि काच छातीशी धरून उचला, सगळं वजन काचेच्या बाजूला असतं, मागून उचलाल तर तोल पुढं जाईल. आणल्यावर लगेच लावू नका, बंद घरात दमट राहिलेला असेल तर एकदोन दिवस कोरड्या खोलीत राहू दे.

आणि आता सगळ्यांसाठीच, कारण आपल्याकडं खारा वारा आणि चार महिने पाऊस, ह्या वस्तू आपल्या हवेत लवकर जातात. कॅसेट चालली नाही की आपण सगळेच फुंकर मारायचो, पण फुंकरीनं काही साफ होत नाही, चालायची ती काढून परत बसवल्यामुळं, संपर्क नव्यानं घासला जायचा म्हणून. तोंडातल्या ओलाव्यानं उलट पट्ट्यांना गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाची काडी वापरा, फारच काळं पडलं असेल तर पेन्सिलीचं खोडरबर हलकं फिरवा. कंट्रोलरचं बटण लागत नसेल तर उघडून आतल्या रबराच्या काळ्या टिकल्या आणि खालची पट्टी अशीच पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच होतं.

सेल आत ठेवून वस्तू कपाटात टाकू नका. जुने साधे सेल फुटले असतील तर ती गळती आम्लाची असते, खायचा सोडा ओला करून लावा. अल्कलाइन फुटले असतील तर उलट, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू, नंतर अल्कोहोलनं पुसून वाळवा. स्वयंपाकातलं माडाचं व्हिनेगर वापरू नका, चिकटपणा राहतो. कंट्रोलरची वायर त्याच्याच अंगाभोवती गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका, वायरीच्या पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य उतरतं आणि प्लास्टिकवर कायमचे वळ पाडतं. सैल वेटोळं करून कागदात ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत रहा.

सगळ्यात महत्त्वाचं अ‍ॅडाप्टर. मूळ फॅमिकॉमला 10 व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मधे निगेटिव्ह. अमेरिकेतल्या निन्टेन्डोचा अ‍ॅडाप्टर 9 व्होल्ट एसी देतो, तो चुकून फॅमिकॉमला लावला तर मशीन जळू शकतं. आपल्याकडच्या मशीनांचं प्रत्येकाचं वेगळं, बहुतेक 9 व्होल्टच्या आसपास पण पिनचं प्लस मायनस कधी आत कधी बाहेर. खोक्यावर किंवा मशीनच्या पोटावर गोलाचं चिन्ह असतं ते बघूनच लावा. आत 7805 नावाचा रेग्युलेटर 5 व्होल्ट करतो आणि तो गरम होतोच, मशीनवर टॉवेल टाकून खेळू नका.

पाटो_स्टँड

@मांडवीपलीकडे माझा स्विचचा डबा तुला देतो, त्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनची एव्ही जागा नसेल तर लागेल. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येणार असशील तर भेटू, मी चणेवाल्यांच्या रांगेत असतो दहाच्या सुमारास.

मांडवीपलीकडे

येतो. डबा नको देऊस, उसना दे, माघारी आणून देईन. @नवा_वाडा रविवारी सकाळी मडगावला पोचतो, भावोजी गाडी घेऊन येतायत, आईंना सांग फुलदाणीसाठी मी स्टूल घेऊन येतोय. बहिणीला फोन केला, ती कुडाळहून येतेय आणि म्हणाली बदक मीच पळवणार.

@भोवरो खोर्लीचं मला माहितीच नव्हतं. माळ्यावरच्या डब्यात एक बिनपायांचा आहे, पाठीवर स्क्रू दिसतोय. रिंगचं माप कसं घ्यायचं, जुनं रबर अगदी चिकट होऊन गेलंय, दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

भोवरो

दुकानात जोचे दोन्ही भागच घेऊन जा, नवं रिंग पायांच्या हुकात अडकवून खांद्यापर्यंत ताणून बघायचं. सैल वाटलं तर एक माप लहान घे. फोटो टाक, रंग बघून सांगतो कुठला आहे तो, त्याची रायफल माझ्या काड्यापेटीत असेल तर तुझी.